दोन किल्ल्यांचं कपाट

मुलुंडच्या रायफल क्लबात मीराताईंचं काम अठरा वर्षं एकच होतं. मुलं यायच्या आधी बंदुका काढायच्या आणि मुलं गेली की मोजून आत ठेवायच्या.

गोळी डागणारा बोल्ट काढला की रायफल म्हणजे नुसती काठी. म्हणून बंदुका एका कपाटात आणि बोल्ट मीराताईंनी घरून आणलेल्या स्टीलच्या डब्यात, दुसऱ्या कपाटात. त्या कपाटाला कुलपं दोन, किल्ल्या दोघींकडे, एक मीराताईंकडे, एक क्लबच्या सचिवबाईंकडे. तिसरी किल्ली नाहीच. ही रीत मीराताईंनीच घातलेली. त्यांचे वडील वाशिमहून येऊन बँकेत पहारेकरी झाले होते. ते दुनळी घेऊन घरी आले की काडतुसं आईच्या हवाली करायचे. आई ती कुठे ठेवते हे त्यांनी कधी विचारलं नाही. घरात चार पोरं होती.

यंदा सरकारनं एक मसुदा काढला. कोवळ्या पोरांच्या हाती बंदूक पडू नये म्हणून काय करावं, यावर लोकांकडून सूचना मागवल्या. क्लबची सचिव अस्मिता चौदाव्या वर्षी मीराताईंच्याच हाताखाली नेम धरायला शिकलेली. तिनं सुरेख इंग्रजीत पत्र धाडलं: दोन कपाटं, दोन किल्ल्या, दोन माणसं. आठवड्याभरात पेपरात तिचा फोटो आला. फोटोत तिच्या हातात डबा होता. त्याच्या झाकणावर मीराताईंच्या आईचं नाव कोरलेलं, शेवंताबाई. ते नेमकं अस्मिताच्या अंगठ्याखाली गेलं होतं.

"कसा आलाय, मीराताई?"

"डबा छान आलाय," मीराताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांना अस्मिताचं सगळंच खुपू लागलं. तिचं हसणं, तिचा गॉगल, वाक्यावाक्याला 'ॲक्च्युअली' म्हणणं. नाहूरच्या घरी भाजी चिरताना त्या तेच पत्र मनातल्या मनात लिहायच्या, मराठीत, आणि खाली स्वतःचं नाव घालायच्या. मग सुरी थांबायची.

गुरुवारी मंत्रालयातले एक साहेब ही पद्धत डोळ्यांनी बघायला आले. मुलं मॅट पसरून तयार होती. पंधरा वर्षांची तेजल सगळ्यांत पुढे, येत्या रविवारी तिची जिल्ह्याची निवड होती. अस्मितानं आपली किल्ली फिरवली आणि मागे वळून पाहिलं.

"माझी घरी राहिली," मीराताई म्हणाल्या. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती, रुमालाखाली.

अस्मिताचा चेहरा उतरला. मीराताईंना आठवड्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

"डुप्लिकेट?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर."

"वेळेला कुलूप तोडत असाल ना?"

"तोडत नाही. त्या दिवशी कुणी नेमच धरत नाही." अस्मितानं आपलं कुलूप पुन्हा लावलं आणि तेजलकडे न बघता ती म्हणाली, "मुलांनो, आज सुट्टी."

साहेब एकदम खूश झाले. "बघा! मी आलोय, मुलं ताटकळलीत, तरी कपाट बंद. हेच तर हवंय! शाब्बास, मॅडम." त्यांनी वहीत भराभर लिहिलं, अस्मिताशी हात मिळवला, मीराताईंकडे बघून नुसती मान हलवली आणि ते निघून गेले.

म्हणजे पुन्हा तिचंच नाव. पलीकडे तेजल मॅट गुंडाळत होती, नाक ओढत, कुणाला दिसू नये अशी पाठ करून.

मीराताईंनी पर्स उघडली. रुमाल बाजूला केला.

अस्मिता किल्लीकडे बघत राहिली. "होती?"

"होती."

"मग वाट का लावली माझी?"

"वाट कुठे लागली? शाब्बासकी मिळाली की तुला." मीराताईंचा आवाज चिरकला. "एवढं पानभर लिहिलंस. कुठल्या ओळीत होते गं मी?"

"'आमच्या क्लबची रीत' असं लिहिलं होतं," अस्मिता हळूच म्हणाली.

"क्लबच्या आईचं नाव शेवंताबाई नव्हतं."

अस्मिता म्हणाली, "सूचना शनिवारपर्यंत घेतायत. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"मला लिहिता येतं."

मीराताई कपाटाशी गेल्या. आपली किल्ली कुलपात घातली आणि तशीच धरून ठेवली.

"तेजल, मॅट पसर," त्या म्हणाल्या, आणि अस्मिताकडे न बघता, "चल, लाव तुझी."