मूठभर तांदूळ

भिसेगावात आमच्या मारुतीच्या देवळाला लागून समाजमंदिर आहे. तिथली लग्नाकार्याची भांडी जयाकाकू सांभाळतात, आणि त्यांच्या तोंडाला सगळं गाव घाबरतं. नेलेलं पातेलं परत देताना त्यात मूठभर तांदूळ घालायचा, हा इथला रिवाज. त्या तांदळाची शनिवारी देवळात खिचडी होते. कुणी रिकामं पातेलं आणलं की काकू त्याला दारातच अडवतात. "देवाचं भांडं असं आनतात व्हय रं?" फार्महाऊसवाल्यांनाही त्यांनी असंच माघारी धाडलंय, आणि मला विचाराल तर बरंच केलंय.

सूट एकच. दुःखाच्या घरचं भांडं रिकामंच यायचं. त्या घरचं काही घ्यायचं नसतं.

परवा नवऱ्याचं तेरावं उरकून अंबाबाई पातेलं द्यायला आली. आत मूठभर तांदूळ होता. ओट्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अगं, हे कुनी सांगितलं तुला?" काकूंनी विचारलं.

"कुनी नाय. रिकामं आनलं तर तू वरडशील, म्हनून घातलं."

काकूंनी तो तांदूळ खिचडीच्या डब्यात टाकला नाही. तिथंच धुऊन शिजत लावला आणि दोन ताटं मांडली.

"बस गं. घरी एकटीला घास उतरत नसंल."

आणि बायकांच्या देखत पहिला घास काकूंनीच घेतला.