एकोणीस ग्रॅम कमी

आमच्या भावजींना बाजारात सगळे काटेवाले म्हणतात. भावजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. सत्तावीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांच्या तळहातावर काहीही ठेवा, पाच-दहा ग्रॅमच्या आत वजन सांगतात. आता ही चांगलीच गोष्ट आहे, नाही कोण म्हणतं? पण असा माणूस घरात असला की डोक्याला ताप असतो. शेजारणीला बाळ झालं तेव्हा सगळे बाळ बघत होते, हे दवाखान्यातला काटा बघत होते. नर्सला म्हणाले, "चाळीस ग्रॅम जास्त दाखवतोय." बाळाच्या आजीने महिनाभर यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

माझा तर त्यांच्यावर वेगळाच राग आहे. तीन महिने अर्धपोटी राहून मी एकदा ताईकडच्या काट्यावर उभी राहिले, तर साडेतीन किलो कमी! मी आनंदाने किंचाळले. भावजी खाली वाकले, काट्याच्या पोटात स्क्रूड्रायव्हर घातला, आणि म्हणाले, "आता उभी राहा." दीड किलो जागच्या जागी परत आलं. मेव्हणीशी कोणी असं वागतं का?

तर अशा या माणसाला छंद कसला असावा? मारामारीचा. स्वतः नाही हो करत! घरात झुरळ निघालं तर हे ताईला हाक मारतात. यांचे यंत्रमानव मारामारी करतात. यंत्रमानव म्हटलं की आपल्याला हात-पाय असलेलं काहीतरी वाटतं, पण हे असतात चपटे डबे. खाली चाकं, पुढे गरगर फिरणारं लोखंडी पातं नाहीतर दंडगोल. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिंजऱ्यात दोन डबे सोडायचे, मालकांनी बाहेरून रिमोटने चालवायचे, आणि तीन मिनिटं एकमेकांना बदडायचं. दहा आकडे मोजेपर्यंत जो हलला नाही तो हरला. नियम एकच महत्त्वाचा: डबा दीड किलोच्या वर जाता कामा नये.

भावजींच्या डब्याचं नाव धुमाकूळ. नावच तेवढं जोरदार. सहा वर्षं धुमाकूळ पहिल्याच फेरीत घरी आला. पहिल्या वर्षी तारा उलट्या जोडल्या गेल्या, त्यामुळे पुढे जा म्हटलं की तो मागे जायचा आणि भिंतीवर डोकं आपटायचा. एका वर्षी त्याने स्वतःचीच तार कापली. आणि चौथ्या वर्षी तर कहर! समोरच्याची मोटर जळली म्हणून यांनी आपली जादा मोटर त्याला दिली, आणि त्या मोटरने यांनाच धुतलं. मी म्हटलं, "भावजी, पुढच्या वेळी रिमोटही त्यालाच द्या." तर म्हणतात, "अगं, तिथे सगळे देतात एकमेकांना. समोरचा उभाच राहिला नाही तर लढायचं कोणाशी?" मी हात टेकले.

या सगळ्या पसाऱ्याने ताईच्या घरातली मागची खोली व्यापली होती. मोटरी, पत्रे, चाकं, बरण्यांत भरलेले स्क्रू. आणि ताई? ती कपड्यांची दुरुस्ती करते. चेन बसवायची, कंबर आत घ्यायची, बाही उसवून पुन्हा शिवायची, असली कामं. बारा वर्षं तिचं मशीन बाहेरच्या बोळकंडीत, न्हाणीघराच्या दाराला टेकून. आत जाणाऱ्याने आधी ताईला उठवायचं. गिऱ्हाईक आलं की त्याने अंग चोरून भिंतीला चिकटायचं. पाठ तर तिची कायमची धरलेली.

ताई माझ्यासारखी नाही. मी बसमध्ये कंडक्टर आहे. माझा आवाज पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जातो, आणि राग त्याच्याही पुढे. ताई बोलतच नाही. पण बोलली की विषय संपला. या वर्षी स्पर्धेच्या महिनाभर आधी तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "अहो, या वेळी एक लढत जिंका. एकच. नाही जिंकलात, तर मागची खोली माझी."

भावजींनी घासाघीस केली नाही. "कबूल," म्हणाले. आणि कबूल म्हटलं की यांचं ते कबूलच असतं, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

पण माणूस धास्तावला होता. एकदा खोलीत मी त्यांना चहा द्यायला गेले, तर पाना हातात धरून नुसते बसले होते. म्हणाले, "दिवसभर लोकांचं बारीकसारीक खोटं माझ्यासमोर येतं गं. हा म्हणतो काटा आपोआप बिघडला, तो म्हणतो मला माहीतच नव्हतं. इथे बसलं की डोकं शांत होतं." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी ड्युटी बदलून घेतली आणि मदतनीस म्हणून स्पर्धेला निघाले. ताईही निघाली. पहिल्यांदाच. "निकाल माझ्यादेखत लागू दे," म्हणाली.

स्पर्धा बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. मधोमध पिंजरा, कडेने टेबलं, आणि टेबलांवर वाकलेली मोठमोठी माणसं. कोणी बँकेतला, कोणी प्लंबर, सगळे लहान पोरांसारखे आपापल्या डब्यांत तोंड खुपसून बसलेले. सगळं चालवणारे गृहस्थ शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांना सगळे सर म्हणतात. सरांनी वजनासाठी बायकोचा काटा आणला होता. ती घरून केक करून विकते. धुमाकूळ काट्यावर ठेवला. चौदाशे शहाण्णव ग्रॅम. सरांनी यादीत खूण केली. "पास. पुढचा कोण?"

भावजी हललेच नाहीत. डबा उचलला, तळहातावर तोलला, परत काट्यावर ठेवला. तो चेहरा मी ओळखते.

"कमी दाखवतोय," ते पुटपुटले.

"भावजी, गप्प बसा."

"अगं, हे चौदाशे शहाण्णव नाही."

"पास झालोय ना आपण? चला इथून!"

"आपण पास झालो नाही. काट्याने केलंय."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पिशवीतून ती लाकडी पेटी काढली. तपासणीची पितळी वजनं, फडक्यात गुंडाळलेली. हा माणूस स्वतःच्या बायकोला फिरायला नेतानाही ती पेटी घेऊन जातो. एक किलो ठेवलं, अर्धा किलो ठेवलं. काटा म्हणाला, चौदाशे एक्याऐंशी.

"एकोणीस ग्रॅम कमी," भावजी म्हणाले, आणि सरांकडे वळून काळजीने पुढे म्हणाले, "वहिनींना सांगा. गिऱ्हाइकांना केक जास्त जातोय."

चार बटणं दाबून त्यांनी काटा सरळ केला. मग सगळ्यांची वजनं पुन्हा झाली. सोळा डब्यांतले अकरा जास्त भरले. त्या अकरांत पंधरा ग्रॅमने आमचा धुमाकूळही होता! आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं काय असतं, ते मी त्या दिवशी काट्यावर आकड्यांत बघितलं. सरांनी जाहीर केलं, तासाभरात वजन उतरवा, नाहीतर बाद. हॉलमध्ये नुसता गलका झाला. प्लंबर ओरडला, "काटेवाले, घरी बसायला काय झालं होतं?" मी त्याच्या अंगावर धावून गेले. त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं, पण आमच्या माणसाला बाहेरच्याने बोलायचं काम नाही.

भावजींनी शांतपणे धुमाकूळच्या दोन्ही चाकांवरचे बचावाचे पत्रे सोडवले. सोळा ग्रॅम उतरले, आणि चाकं उघडी पडली.

आमची पहिली लढत होती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंशी. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, आणि त्यांच्या डब्याचं नाव दाढदुखी. दाढदुखी अठरा ग्रॅमने जास्त होती. आणि तिचा प्रत्येक पत्रा वितळवून जोडलेला, सोडवायला एक स्क्रू नाही. बाई हताश होऊन खुर्चीत बसल्या होत्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई बाद झाल्या तर लढत आमची! न लढता विजय! खोली वाचली!

मी भावजींना खुर्चीत दाबून बसवलं. "पाणी प्या. हात लावू नका कशाला. पंचवीस मिनिटं नुसतं बसायचंय."

बसले बिचारे. एक मिनिट. दोन मिनिटं. चौथ्या मिनिटाला मान वर झाली. "दाढदुखीच्या मागच्या पत्र्यात भोकं पाडायला जागा आहे," म्हणाले.

मी त्यांचा शर्ट धरला. "अजिबात जायचं नाही!"

"तिचं वजन माझ्यामुळे जास्त झालं."

"ते आधीपासूनच जास्त होतं हो! तुम्ही फक्त सांगितलंत!"

"तेच ना."

"आणि खोली? खोली विसरलात?"

"विसरलो असतो तर आधीच उठलो असतो," ते म्हणाले. "खोली डोक्यात आहे म्हणून तर चार मिनिटं बसलो."

आणि गेले. माझ्या हातात त्यांच्या शर्टाचं एक बटण राहिलं.

पुढची वीस मिनिटं मला बघवत नव्हती. भावजींनी दाढदुखीच्या पाठीवर पेन्सिलने खुणा केल्या. "डॉक्टर, लोखंड तीन मिलिमीटर जाड आहे, भोक आठचं. एका भोकाला सव्वा ग्रॅमला जरा कमी. सोळा पुरे." बाईंनी ड्रिल उचललं, भोकं पाडणं हा तर त्यांचा रोजचा धंदा. धडाधड सोळा भोकं पाडली. आत काही उडू नये म्हणून वरून दवाखान्याचा स्टिकर चिकटवला, 'दिवसातून दोनदा दात घासा'. पुन्हा वजन केलं. चौदाशे नव्व्याण्णव. बाईंनी भावजींचे दोन्ही हात धरून आभार मानले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

लढत सुरू झाली. आणि काय सांगू, त्या दिवशी धुमाकूळ नावाला जागला! भावजींनी डोळे मिटले नाहीत, की भलतं बटण दाबलं नाही. दाढदुखीने दोनदा झडप घातली, दोन्ही वेळा हे निसटले. मग दाढदुखी भिंतीपाशी अडकली, वळता वळेना, आणि धुमाकूळ गर्रकन फिरून बरोबर तिच्या पाठीमागे पोचला. समोर तो स्टिकर. स्टिकरच्या मागे सोळा भोकांची चाळणी झालेला पत्रा. पत्र्यामागे बॅटरी. एक टोला, फक्त एक!

"मागून मारा!" मी ओरडले. "भावजी, भोकांवर! भोकांवर मारा!"

माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं.

धुमाकूळ थांबला. मग हळूच मागे आला, दाढदुखीला वळसा घातला, आणि तिच्या समोर जाऊन उभा राहिला. तोपर्यंत ती भिंतीपासून सुटली होती. तिचं पातं आमच्या उघड्या चाकावर बसलं, चाक पिंजऱ्याच्या छताला लागून खाली पडलं. धुमाकूळ एका चाकावर जागच्या जागी फिरत राहिला, मग तेही थांबलं. सरांनी दहा मोजले. मी सातपर्यंत ऐकलं आणि तोंड फिरवलं.

ताईला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. ती खुर्चीवरून उठून आली आणि भावजींना म्हणाली, "मागून पोचला होतात ना? मग फिरलात का?"

भावजी चाक हातात घेऊन उभे होते. "ती भोकं मीच पाडायला लावली," ते म्हणाले. "तिथे मारायचं म्हणजे... बरं नाही दिसत."

ताईने त्यांच्या हातातलं चाक काढून घेतलं. मग म्हणाली, "तिथे मारलं असतंत ना, तर खोलीच काय, घर सोडायला लावलं असतं मी तुम्हाला."

भावजी हसले. ताईने त्यांच्या शर्टाला हात लावला, बटण तुटलेलं बघितलं. "पण हरलात," ती म्हणाली.

"हरलो."

"खोली माझी."

"तुझीच. उद्याच रिकामी करतो."

आणि केलीही. दुसऱ्या दिवशी मीही मदतीला गेले. भावजींनी एकेक बरणी फडक्याने पुसून खोक्यात भरली, ताईचं मशीन स्वतः उचलून खिडकीपाशी ठेवलं, उजेड पाठीमागून येऊ नये म्हणून दोनदा फिरवलं. ताई बसली, पायडल मारलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तिने दोन्ही कोपरं मोकळी पसरली. तिचा चेहरा बघून भावजी इतके खूश झाले, की हरलंय कोण, हे मला क्षणभर कळेना.

मी ती खोकी माळ्यावर चढवत होते. डॉक्टरीणबाई चाक परत बसवून द्यायला येणार आहेत म्हणे. भावजी मला ते सांगत होते, खालून खोकी देत होते, हसत होते. भर हॉलमध्ये मी काय ओरडले, ते त्यांनीही ऐकलं होतं. त्यावर ते मला त्या दिवशी एका शब्दाने बोलले नाहीत, आजवर बोललेले नाहीत. बोलले असते तर मी कडाडून भांडले असते आणि मोकळी झाले असते.