बँडसॉ बघायला आलेला माणूस

घरामागच्या शेडमध्ये सुतारकामासाठी बँडसॉ, म्हणजे फिरत्या पट्टीच्या पात्यानं लाकूड कापायचं मशीन, घ्यायचा म्हणून मी चौसाळ्याहून बीडला गेलो होतो. दुकानात एक अनोळखी माणूस मशीनचं चाक हातानं हळूहळू फिरवत, पातं मधोमध चालतंय का ते बघत उभा होता.

"तुम्हालाही घ्यायचंय का?" मी विचारलं.

"न्हाई, नुसतं बघायलोय. तुमची शेड केवढी हाय?"

मी सांगितल्यावर त्यानं मला लहान मशीन घ्यायला लावलं आणि ते बसवायला आपणहून सोबत आला.

पातं ताणून झाल्यावर तो म्हणाला, "एक फळी कापू का?" त्यानं सागाच्या फळीतून चौरंगाचा वळणदार पाय कापला. बटण बंद केल्यावरही चाक थांबेपर्यंत त्याचा हात मशीनच्या टेबलावरून निघाला नाही.

"स्वतःचं का घेत नाही?"

"मशीनला एक जागा लागती. आमी नवराबायको दिवाळी झाली की ऊस तोडायला जातो. घराला कुलूप. लई वाटतं, पण ठिवू कुठं?"

"उन्हाळ्यात परत आलात की इथं येऊन काम करा."

"येतो की," तो म्हणाला आणि बस गाठायला निघाला. नाव विचारायचं राहूनच गेलं. आता ऊसतोडीच्या गाड्या परतायला लागल्या, की मी शेडचं दार दिवसभर उघडं ठेवतो.