स्टुलावरची पुरवणी

शशीच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. कामाच्या दिवशी, भर दुपारी तो कधी फोन करायचा नाही, म्हणून मी जरा तिरसटपणेच "काय रे?" म्हटलं. पलीकडून परका आवाज आला, "मिस्टर दादा?" फोनमध्ये पहिलं नाव तेच सापडलं असणार. मी हो म्हटलं. तो बसचा कंडक्टर होता. त्याचं तमिळ मला निम्मंच कळलं, पण जे कळायचं ते कळलं. शशी अंबत्तूरहून एग्मोरला एक पार्ट बदलून आणायला निघाला होता. खिडकीशी बसला होता. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले तरी उठला नाही, म्हणून कंडक्टरने खांद्याला हात लावला... ऑफिसात 'जरा काम आहे' एवढंच सांगून निघालो. डॉक्टर म्हणाले, हृदय. नुकती तिशी ओलांडलेल्या माणसाचं! त्याच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक बेअरिंग होतं. ते मी तसंच, तो काम करायचा त्या वर्कशॉपला पाठवून दिलं, दुसऱ्याच्या हाती. स्वतः गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या न जाण्याबद्दलच आहे.

शशी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेल्यामुळे तो मिरजेला मामांकडे वाढला आणि मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात कारकून म्हणून चेन्नईला आलो. बारावीनंतर तो मिरजेतल्याच एका गॅरेजात रेंगाळतोय असं कळलं तेव्हा मीच त्याला बोलावून घेतलं. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. त्याला कुठल्या धंद्यात घालायचं याचा मी पुष्कळ विचार केला. हार्डवेअरचा कोर्स बरा, एसी दुरुस्ती चालेल, अगदीच काही नाही तर इलेक्ट्रिशियन. माझी कसोटी एकच होती. संध्याकाळी घरी येताना शर्ट सकाळसारखा दिसला पाहिजे. आमचे वडील गिरणीत ऑइलमन होते, यंत्रांना तेल घालणारे, आणि शाळेत मला त्यावरून चिडवायचे. ते मी विसरलो नव्हतो. शशीला वडील धड आठवतही नव्हते, त्यामुळे त्याला तसली लाज वाटायचं काही कारणच नव्हतं.

एग्मोरला एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचं नाव घातलं. चपला बाहेर काढून आत जायचं, गारेगार खोली, पडद्यांवर झाकणं. तीन आठवडे तो गुमान गेला. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी दारात उभा राहिला तो कोपरापर्यंत काळा होऊन. मी म्हटलं, "कुठे पडलास?" तर चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. येताना रस्त्यात एक डंपर बंद पडलेला दिसला, खाली एक म्हातारा मेकॅनिक एकटाच झटापट करत होता, म्हणून हा बसमधून उतरला आणि त्याच्या शेजारी जाऊन आडवा झाला. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. दोन तासांनी गाडी सुरू झाली. तो म्हातारा म्हणजे मुरुगेसन, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत अवजड गाड्यांचं वर्कशॉप चालवणारे. दुसऱ्या दिवसापासून शशी तिकडे जाऊ लागला.

मी खूप बोललो. इतकं की शेजारचे दार लावून घेऊ लागले. मेकॅनिकच व्हायचं तर निदान कारचा हो म्हटलं, शोरूममध्ये गणवेश असतो, लोक सर म्हणतात. शशी शांतपणे म्हणाला, "दादा, कारमध्ये नुसता हात जातो. डंपरमध्ये आख्खा माणूस जातो. आणि कॉम्प्युटर बंद पडला तर माणूस चहा प्यायला जातो. क्रेन बंद पडली की चाळीस माणसं हाताची घडी घालून उभी राहतात. ती परत हलली ना, की त्यांची तोंडं बघ एकदा." मी काय बघणार? मी त्याला म्हटलं, "मग तुझं तू बघ." त्याने पडत्या फळाची आज्ञा मानली आणि अंबत्तूरलाच एक खोली घेतली.

पुढे मुलीच्या शाळेसाठी बायको पुण्याला राहायला गेली आणि अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. एका शहरात आम्ही दोघे सख्खे भाऊ, अर्ध्या तासाच्या अंतरावर, रोज आपापला भात एकटे शिजवून एकटे खाणारे. आता लिहिताना हे किती वेडगळ वाटतं... तेव्हा वाटत नव्हतं. शशी रविवारी दुपारी यायचा. मी पिठलं-भात करायचो. दाराबाहेरच्या नळावर तो लाकडाचा भुसा आणि कपडे धुण्याची पावडर घेऊन हात घासायचा, पाच-पाच मिनिटं, सोलवटेपर्यंत. तरी तळव्यांवरच्या रेषा काळ्याच राहायच्या. आमचा सोफा फिक्या रंगाचा. तो बसायच्या आधी मी त्यावर वर्तमानपत्र पसरायचो. न बोलता, सहज, जसं कुणी पाण्याचा पेला पुढे करतं तसं. पहिल्यांदा पसरलं तेव्हा तो क्षणभर थबकला होता. मग बसला. काही महिन्यांनी तो स्वतःच एक घडी केलेलं तमिळ वर्तमानपत्र काखेत मारून येऊ लागला. आल्यावर पसरायचा, जाताना घडी करून घेऊन जायचा. मला ते फार सोयीचं वाटलं. समजूतदार झाला, असंही वाटलं.

मला पोस्टाने मराठी रविवार पुरवण्या यायच्या, चार-पाच दिवस शिळ्या. शशी निघताना विचारायचा, "वाचून झाली असली तर नेऊ?" मी वाचून झालेल्या देऊन टाकायचो. वाचत असेल असं काही मला वाटलं नाही. ग्रीस पुसायला लागत असतील असंच धरून चाललो होतो.

मग त्याचं लग्न जमवायचं मी मनावर घेतलं. बायोडाटात लिहिलं, 'ऑटोमोबाइल इंजिनिअर'. मराठी मंडळाच्या गणपतीत सांगलीकडचं एक कुटुंब भेटलं, त्यांनाही तेच सांगितलं. मुलीचे वडील कौतुकाने म्हणाले, "हो का? कुठल्या कंपनीत?" मी काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात शशीने प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. "इंजिनिअर नाही काका. मेकॅनिक. हेवी लाइनचा." ते गृहस्थ हसून दुसरीकडे वळले. परतताना बसस्टॉपवर मी त्याच्यावर उखडलो, "तुला पाच मिनिटं गप्प बसता येत नाही?" तो म्हणाला, "आणि पुढे काय करू दादा? हात खिशात घालून संसार करू?" उत्तर नसलं की मी अबोला धरतो. या वेळी तीन महिने धरला. शशीने एकाही रविवारी ते मनावर घेतलं नाही. यायचा, कागद पसरायचा, जेवायचा, जायचा.

दर दसऱ्याच्या सुमारास तो एकच गोष्ट मागायचा. "दादा, खंडेनवमीला वर्कशॉपला ये की. सगळ्यांच्या घरची माणसं येतात." इकडे त्या दिवशी आयुधपूजा असते. हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. मी म्हणायचो, "आमच्या कारखान्यात पूजा असते रे, कसा येऊ?" चेन्नईत राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की सरकारी ठिकाणी ही पूजा आदल्या दिवशीच उरकतात, कारण खंडेनवमीला सुट्टी असते. शशीलाही ठाऊक असणारच. आठ वर्षं मी तीच थाप मारली आणि आठ वर्षं तो "बरं" म्हणाला. त्या दिवशी मी घरीच असायचो. याच सोफ्यावर, पुरवणी वाचत.

शशी गेल्यानंतर दीडेक महिन्याने मुरुगेसन यांचा फोन आला. त्याची हत्यारांची पेटी न्यायची होती. मी म्हटलं, उद्या येतो. ते म्हणाले, "आता नको सार. आता ती पूजेला बसेल. पूजेच्या दिवशी या, बघून जा. न्यायची दुसऱ्या दिवशी." म्हणजे शेवटी मी खंडेनवमीलाच गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो, याचीही आता लाज वाटते.

फाटकाला केळीचे खुंट बांधले होते. दारात कोहळा फोडलेला, त्यातलं कुंकू रस्त्यावर पसरलेलं. आत दोन टिप्पर आणि एक क्रेन झेंडूच्या माळा घालून उभी. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, पोरं क्रेनच्या शिडीवर. प्रत्येकाच्या पेटीपुढे त्याच्या त्याच्या घरची माणसं बसली होती. शशीची पेटी कोपऱ्यात, चंदन-कुंकू लावलेली, पान्हे लहान-मोठे ओळीने मांडलेले. मी कुठे उभं राहावं ते न कळून तिथेच घुटमळलो. मुरुगेसन आले. थकलेला माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी पेटीशेजारचं एक स्टूल पुढे ओढलं. जुन्या क्लच प्लेटवर पाइप वेल्ड करून वर फळी बसवलेली. त्या फळीवर एक वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्याच्या कडा दोऱ्याने नीट बांधल्या होत्या. "बसा सार," ते म्हणाले.

ती आमच्या मराठी वर्तमानपत्राची पुरवणी होती. गेल्या वर्षीची. कोपऱ्यात माझ्याच हाताने शब्दकोड्याची अर्धी घरं भरलेली.

मुरुगेसन मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि तमिळमध्ये सांगत गेले. हे स्टूल शशीनेच केलं. त्यावर कुणी बसायचं नाही. दर आयुधपूजेला सकाळी तो ते धुवायचा आणि वर नवा कागद बांधायचा. कपड्याला डाग लागू नये म्हणून. तमिळ कागद पुढे केला तर नको म्हणायचा, बसल्या बसल्या वाचता आलं पाहिजे म्हणून. "आम्ही चिडवायचो सार. कोण येणार आहे, मंत्री? तर म्हणायचा, अण्णन वरुवारु." दादा येणार आहे. एवढं तमिळ मला येतं. "आरतीच्या वेळी फाटकाकडे बघायचा. मग चुरमुरे-डाळं वाटायला लागायचा. या वर्षी कागद काढायला कुणाचा हात होईना, म्हणून गेल्या वर्षीचाच राहू दिला."

मी त्या कागदावर बसलो. आरती झाली. कुणीतरी माझ्या हातात चुरमुरे दिले आणि मी ते मुठीत धरून रडलो, सगळ्यांदेखत. त्या बायकांनी पोरांना जरा बाजूला नेलं. नंतर एक ड्रायव्हर जवळ आला. त्याची गाडी एकदा घाटात अडली तेव्हा शशी दोन दिवस तिच्यापाशी राहिला होता, असं म्हणाला. काय काय बोलायचा? मी विचारलं. "तुमच्याबद्दल," तो म्हणाला. "दादा सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये आहे म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि पेटी मुरुगेसन यांनाच ठेवायला सांगितली. त्या पान्ह्यांचं माझ्या घरी काय होणार? स्टूल मात्र मागून घेतलं. प्रचंड जड आहे. रिक्षातून आणलं, वर चढवताना वॉचमनने कुरकुर केली. आता ते सोफ्याशेजारी आहे. रविवारी दोन माणसांपुरतं पिठलं होतं अजून, अंदाज चुकतो... मग उरलेलं सोमवारी डब्यात नेतो.

परवा पुरवण्यांचा गठ्ठा आला. सकाळी चहा घेऊन स्टुलाकडे गेलो आणि जुन्या सवयीने हात पुरवणी उलगडायला लागला. ती बाजूला ठेवली. दोरा सोडून शशीने बांधलेला कागद काढला, घडी करून कपाटात ठेवला, आणि उघड्या फळीवर तसाच बसलो. चहा संपेपर्यंत बसलो. ऑफिसात गेल्यावर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, गेली दहा वर्षं ज्यांच्याशी रोज बोलतो ते, म्हणाले, "सार, पॅन्टला मागे काहीतरी काळं लागलंय."

"ग्रीस आहे," मी म्हटलं. "माझा भाऊ मेकॅनिक होता. हेवी लाइनचा."

ते चकित होऊन म्हणाले, "तुम्हाला भाऊ होता?"