जानेवारीतली साक्ष

“आमचे मालक दर जानेवारीत मरत्यात, सर,” असं ती म्हणायची आणि पदराने खुर्ची पुसून बसायची. खुर्ची स्वच्छ असली तरी पुसायची.

हे वाक्य कळायला आमची सेमिनरी माहीत हवी. सेमिनरी म्हणजे चर्चसाठी पाळक तयार करणारं विद्यालय. सोलापुरात, बिशपांच्या देखरेखीखाली, कडुनिंबाच्या सावलीत ते चालतं. मी तिथे इंग्रजी शिकवायला जातो. माझी देवाशी फारशी ओळख नाही. पाळकांना इंग्रजी यावं असं देवाला वाटतं की नाही ठाऊक नाही, पण देणगीदारांना वाटतं. त्यामुळे माझं चाललं आहे.

हे देणगीदार दर जानेवारीत परदेशातून येतात. सोलापूरचं ऊन त्यांना सोसत नाही, म्हणून आमचा सामाजिक न्याय सप्ताह थंडीत असतो. मोठा फलक लागतो. पाहुण्यांना शालीऐवजी चादर देतात, कारण गाव सोलापूर आहे. समतेवरचं भाषण जेवणानंतर होतं आणि जेवणात पाहुण्यांचं टेबल वेगळं असतं. यात मी चर्चला निराळा दोष देत नाही. मी जयंतीच्या मांडवांत वाढलो आहे. तिथेही सोफा पहिल्या रांगेतच असायचा.

सप्ताहाचा कळस म्हणजे साक्ष. शिष्यवृत्ती मिळणाऱ्या विद्यार्थ्याने माइकपुढे उभं राहून आपण किती दुःखातून आलो आणि प्रभूने कसं तारलं ते सांगायचं. मी शेजारी उभा राहून त्याचं इंग्रजी करायचं. पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती यानंतर ठरते. साक्षीचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं प्राचार्य दरवर्षी न विचारता सांगतात.

ती पस्तिशीची होती, सेमिनरीतली एकटी बाई. मूळची करमाळ्याकडची, लग्न करून बार्शीला गेलेली. नवरा धान्यबाजारात हमाल होता. एके दिवशी पोत्यांची थप्पी कोसळली आणि तो खाली सापडला. मूलबाळ नव्हतं. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिथल्या पाळकांनी तिला इकडे पाठवलं, कारण परदेशातल्या एका वृद्ध दाम्पत्याने विधवांसाठी शिष्यवृत्ती ठेवली होती आणि ती घ्यायला विधवा मिळत नव्हती. तिला मात्र खरोखरच पाळक व्हायचं होतं. गावात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं की सगळ्यांत आधी पाळकाला बोलावतात, हे तिने पाहिलं होतं. “मला कुणी बोलवावं वाटतंय की,” ती म्हणायची.

सेमिनरीत तिला फारसं कुणी बोलवत नव्हतं. सगळे तिला ‘ताई’ म्हणत आणि लांबून म्हणत. मेसमध्ये ती आली की मुलांच्या गप्पा थांबायच्या. म्हणून ती ताट घेऊन आपल्या खोलीत जाई. खोली ग्रंथालयामागे होती, पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. सुट्टीत वसतिगृह रिकामं व्हायचं; ती राहायची. “मोकळं मोकळं वाटतंय की,” असं म्हणायची, आणि मी ग्रंथालयात गेलो की काहीतरी इंग्रजी विचारायला लगेच यायची. शंका फारशी अवघड नसे.

पहिल्या जानेवारीत तिने साक्ष आपल्या मनाने सांगितली. थप्पीपाशी आल्यावर तिला पुढे बोलता येईना. पाहुण्यांनी डोळे पुसले. प्राचार्यांनी तिचं अभिनंदन केलं, आणि तिथून त्या साक्षीला वळण लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी तालीम घेतली. “ताई, अपघात जरा आधी घ्या. ‘थप्पी’ म्हटलं की थांबायचं. लोकांपर्यंत पोहोचू द्यायचं. मग प्रभू.” ती थांबली. लोकांपर्यंत पोहोचलं. मलाही सगळं इतकं पाठ झालं होतं की तिचं मराठी संपण्याआधी माझं इंग्रजी संपायला लागलं.

तिसऱ्या वर्षीच्या सप्ताहाआधी ती ग्रंथालयात आली. खुर्ची पुसली, पण बसली नाही.

“सर, एक विचारू? माणूस सांगून सांगून झिजतो का?”

“म्हणजे?”

“मी मालकांचं हसणं आठवाय बसते, अन् डोक्यात साहेबांचंच येतंय, ‘इथे थांबायचं.’ सपनात येत्यात ते, पर थप्पीखालीच. उभं न्हाईतच कधी. लई वर्सं संसार केला, सर मी. त्यातला हा एकच दिस शिल्लक राह्यलाय.”

“यंदा सांगू नका,” मी म्हणालो.

“अन् शिष्यवृत्ती? शेवटचं वरीस ऱ्हायलंय. ते न्हाय झालं तर पाळकाची दीक्षा न्हाय, चर्चची मंडळी न्हाय. परत पोरास्नी खाऊ वाटायचा.” मग ती बसली. “आता बघा की, दोन्हीकडनं माझंच जातंय.”

त्या जानेवारीत ते वृद्ध दाम्पत्य आलं नव्हतं. त्यांच्याऐवजी त्यांची सून आली होती, हसतमुख, उन्हाने लाल झालेली, शिष्यवृत्तीचे नियम न वाचलेली. ताई माइकपुढे गेली. मी शेजारी उभा राहिलो. पहिलं इंग्रजी वाक्य तोंडात तयार होतं.

“आमचे मालक पालीला लई भ्यायचे,” ती म्हणाली.

मला माझं वाक्य गिळावं लागलं.

“क्विंटलाचं पोतं पाठीवर घेणारा माणूस, पर भिंतीवर पाल दिसली की खाटंवर चढायचा. मी झाडू घेऊन येस्तोवर वरनंच सांगायचा, ‘मी बघतोय, तू मार.’”

मुलं हसली. मी इंग्रजी केलं, तशा सूनबाईही हसल्या. ताई बोलत राहिली. ज्वारीच्या धुळीने तो कसा शिंकायचा आणि शेजारची म्हातारी कशी शिव्या द्यायची. चर्चमध्ये तो सगळ्यांत मोठ्याने गायचा आणि सगळ्यांत बेसूर. मग पाळकांनी त्याला मुद्दाम दाराशी उभं राहायचं काम दिलं. तो दारातूनही गायचा. आमटीत मीठ जास्त झालं की दोन भाकरी जास्त खायचा आणि म्हणायचा, “तुझी चूक मला परवडती.” हे सांगताना ती माइक विसरून स्वतःशीच हसली. तीन वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं.

प्राचार्य खुर्चीतून पुढे वाकले. “ताई,” ते हळूच म्हणाले, “अपघात राहिला.”

“व्हय, साहेब,” ती माइकमध्येच म्हणाली. “आज ऱ्हाऊ द्या त्यो.”

आणि ती खाली उतरली. या वाक्याचं मी इंग्रजी केलं नाही, कारण प्राचार्यांनी तोवर चादरी वाटायला घेतल्या होत्या.

चहाच्या वेळी सूनबाई मुद्दाम तिच्याकडे आल्या. त्यांनी मला विचारलं, इतका गमतीदार माणूस आज का नाही आला? मी ते ताईला मराठीत सांगितलं आणि थांबलो. ताईने कपाकडे पाहिलं.

“कामावर गेल्यात म्हणावं,” ती म्हणाली.

“ताई.”

“एवढं सांगा, सर.”

मी सांगितलं.

याचं जे व्हायचं ते झालं. सूनबाईंनी परत गेल्यावर कळवलं की बाई फार आवडल्या, पण शिष्यवृत्ती विधवांसाठी आहे आणि यांचे पती तर नोकरीत दिसतात. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, घाबरले होते. त्यांनी खुलासा पाठवला. तिकडून उत्तर आलं की गैरसमज झाला असेल तर बाईंनी आपल्या तोंडून थोडक्यात सांगावं, फोनवर चित्रित करून पाठवलं तरी चालेल. प्राचार्यांनी मलाही बोलावलं.

“मिनिटभराचं काम आहे, ताई,” ते फोन हातात धरून म्हणाले. “फक्त कसे वारले तेवढं सांगा. वर्ष वाचेल.”

ती उभी होती.

“ते एकदाच मेले, साहेब,” ती म्हणाली. “माझ्यानं आता परत व्हायचं न्हाय.”

“अहो, पण तुमचं पाळक होणं...”

“व्हय. ते गेलं.”

शिष्यवृत्ती दुसऱ्या एका विद्यार्थ्याला मिळाली, नियमात थोडा बदल करून. चांगला मुलगा आहे. त्याचे वडील दारू पितात, अशी त्याची साक्ष आहे. वडिलांनी दारू केव्हाच सोडली. जानेवारीत तेवढी पितात. त्याचं इंग्रजी मीच करतो.

परीक्षा संपल्यावर ती निघाली. पोचवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी एसटी स्टँडवर गेलो. बार्शीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

“काल एक नवं आठवलं, सर,” ती म्हणाली. “एसटीत ते खिडकी कधी मला देत न्हवते. लहान पोरावानी आधी आत शिरून बसायचे. म्या भांडायची, तर म्हणायचे, ‘तुला काय दिसलं न्हाय तर मी सांगतो की.’ अन् बार्शीपतूर सांगत बसायचे. बैल दिसला, इहीर दिसली.”

गाडी लागली. तिने वाकून मला सलाम केला, बॅग उचलली आणि चढली. मी खाली खिडक्यांच्या बाजूला उभा होतो. ती मधल्या एका बाकावर बसली, पण कडेला. खिडकीची जागा तिने रिकामी सोडली होती.

गाडी भरत गेली. एक जाडशी बाई पिशव्या सावरत तिच्यापाशी थांबली.

“आत कोन हाय का वो?”

ताईने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

“न्हाय,” ती म्हणाली. “बसा की.”

सरकायला जागा होती, पण ती सरकली नाही. उठून उभी राहिली आणि त्या बाईला आत जाऊ दिलं. मग कडेला बसली, आणि त्या बाईच्या आड दिसेनाशी झाली. गाडी हलली. मी हात केला. खिडकीतल्या त्या अनोळखी बाईने आधी मागे वळून पाहिलं, मग जरा संकोचून मला हात केला.