काका, काकू आणि मिरजेचे रूळ

वेस्ट विंडसरमधल्या आमच्या शेजारच्या काकांइतका विमानाला भिणारा आणि आगगाडीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. एकोणीसशे सहासष्टमध्ये ते इथे आले तेही बोटीने. तेव्हापासून एकोणीस वर्षं घरी म्हणून गेले नाहीत. बेसमेंटच्या भिंतीवर लंडन ते मिरज असा लाल पेन्सिलीने आखलेला भला मोठा नकाशा होता. इराणात केर्मान ते झाहेदान रूळच नाहीत, आणि त्यापुढे आपले रूळ युरोपपेक्षा साडेनऊ इंचांनी रुंद, ही दोन दुखणी त्यांना स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा जास्त छळायची. जेवायला आलेल्या पाहुण्याला श्रीखंडाआधी हे सगळं ऐकून घ्यावंच लागे. वाटेतल्या सगळ्या सरकारांना पत्रं जात. एकदा कुठूनसं दोन ओळींचं उत्तर आलं, तर या बाबाने गल्लीभर पेढे वाटले! मी चेष्टेने म्हटलं, "काका, तिकीट काढून ठेवू का?" ते मात्र गंभीर. "आईला कळवलंय, लाइन जोडली की पहिल्या गाडीने येतो." आई चौऱ्याऐंशी वर्षांची होती.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये एका सकाळी मिरजेहून काकांच्या भावाचा फोन आला. आई अत्यवस्थ आहे, लगेच निघ. मी धावत गेलो, तर काका बेसमेंटमध्ये टाइमटेबलं चाळताहेत! "बोटीने लंडन, मग इस्तंबूल, केर्मानपासून बस... तेवीस दिवस." खरं सांगतो, माझं डोकंच फिरलं. जिन्यावरून काकू शांतपणे म्हणाल्या, "आईंकडे तेवीस दिवस नाहीत हो."

मीच फोन करून दोन तिकिटं बुक केली. एअरपोर्टला जाताना काकांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. माझं लक्ष सारखं घड्याळाकडे. गेटपाशी पोचलो, शेवटची अनाउन्समेंट झाली, आणि काका खुर्चीत मटकन बसले. "नाही जमणार रे मला."

काकूंनी पर्स खांद्याला लावली. "बसा तुम्ही. मी जाते. आईंनी 'तो कुठाय' म्हणून विचारलं, तर काय सांगू त्यांना?"

काका उठले. काकूंच्या कोटाची बाही घट्ट धरून, डोळे मिटूनच आत गेले.

महिन्याने परत आले तेव्हा विचारायची मला धास्तीच वाटत होती. "भेट झाली?"

"झाली. चार दिवस मिळाले." काकांनी चष्मा काढून पुसला. "तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, 'इतक्या लवकर कसा रे आलास?'"