टेबलाच्या पोटाखालचा रंग

आमचे मामा सुतार. माणसांशी तिरसट, लाकडाशी मात्र लोण्याहून मऊ. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात लुळा पडला. व्यायामाने हात बराचसा वळू लागला, पण मामांनी उमेदच सोडली होती. हत्यारं विकायची भाषा सुरू झाली आणि मामीने त्यांच्यापुढे हात टेकले.

अशात शेजारच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाई आल्या. त्यांचं काळ्या अक्रोडाचं टेबल तीस वर्षांपूर्वी मामांनीच केलेलं. त्याची एक फळी इस्त्रीने जळली होती. मामा म्हणाले, एवढं करून बघतो. नाही जमलं तर हत्यारं विकून मोकळा.

बाईंनी डाग झाकायला टेबलावर चादर टाकली होती. मामांनी ती उचललीसुद्धा नाही. वर पॉलिश असतं, लाकडाचं खरं रूप खालून दिसतं, असं म्हणत ते माझ्या हातातला टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवे झाले. तो रंग डोळ्यांत साठवून त्यांनी घरची सात वर्षं वाळलेली फळी काढली. काळा अक्रोड मोठा गुणी. टणक, पण रंध्याशी भांडत नाही. नीट वाळला की फारसा वाकत नाही. दुबळ्या हाताला असंच समजूतदार लाकूड हवं. तेल लावताच गडद चॉकलेटी रंग खुलला. मामा कितीतरी दिवसांनी शीळ घालत होते.

फळी बसवायला चादर काढली आणि पंचाईत झाली. फळी चपखल बसली, पण बाकीचं टेबल मधाच्या रंगाचं! हे लाकूड उजेडात वर्षानुवर्षं फिकं होत जातं. खालची बाजू तेवढी अंधारात गडद राहिली होती. टेबलाचा रंग त्याच्या पोटाखाली शिरून बघणारा माणूस सुतारच असणार. मला हसू आलं, पण मामांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

फळी काढतो, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, असं मामा म्हणाले. बाईंनी सांध्यावरून नख फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही.

"रंग जुळायला किती दिवस लागतील?"

"दिवस कसले, पाच-सहा वर्षं. तेही खिडकीशी ठेवलंत तर. आणि दर वर्षी तेल लावावं लागेल."

"ते कोण लावणार?"

मामा आपल्या हाताकडे बघत राहिले.

"मीच येईन," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

घरी येऊन मी मामीला सगळं सांगितलं. दोन वर्षांत मामांनी पुढच्या आठवड्याचंही काही ठरवलं नव्हतं.

"पाच-सहा वर्षं म्हणाले?" तिने दोनदा विचारलं, आणि भिंतीकडे तोंड करून आनंदाने रडली.